पानं वाईट आली होती!

मिहानमधल्या आमच्या ऑफिसात जेवणानंतर मेंढीकोट रंगतो. माहीत नसलेल्यांसाठी: चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकी १३ पानं. चारपैकी तीन दश्श्या ओढल्या की डाव तुमचा, चारही आल्या तर मेंढीकोट.

हे नियम ज्या कुणी केले त्याला सलाम! दश्शीच का? तर तिच्या डोक्यावर एक्का, राजा, राणी, गुलाम बसलेले. ती सुखरूप घरी आणायला बहुतेकदा भिडूची मदत लागतेच. दश्श्या २-२ झाल्या तर हात मोजायचे. हात १३, म्हणजे विषम. बरोबरी शक्यच नाही. याला म्हणतात डिझाइन :)

मग स्पर्धा घ्यायचं ठरलं आणि नियम लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्यातली एक फ्रेशर बऱ्याचदा जिंकते. आमचे मॅनेजर दरवेळी म्हणणार, "पानं आली होती ना तुला!" ती वैतागून मला म्हणाली, "दादा, हरणाऱ्याला पानांचं निमित्त मिळतं. पण माझं श्रेयही पानंच खातात. स्पर्धेत तरी काही करा ना."

मुद्दा बिनतोड होता. उत्तर ब्रिजमध्ये सापडलं: डुप्लिकेट. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी सुवर्ण मिळवलं तो हाच खेळ. तेच वाटप वेगवेगळ्या टेबलांवर खेळायचं. मीही चार-चार जणांचे संघ केले. एका टेबलावर आमची जोडी उत्तर-दक्षिण, दुसऱ्यावर पूर्व-पश्चिम. खेळलेली पानं मिसळायची नाहीत, आपापल्या पुढ्यात उपडी ठेवायची, मग पाकिटात भरून पुढच्या टेबलावर. दोन्हीकडच्या दश्श्यांची बेरीज करायची.

इथे एक बग निघाला. दोन टेबलं म्हणजे ८ दश्श्या, २६ हात. दोन्ही सम! बरोबरी परत आली. शेवटी अर्धा-अर्धा गुण दिला.

एका डावात तिच्याकडे आणि मॅनेजरांकडे तीच १३ पानं आली. तिच्या जोडीने तीन दश्श्या ओढल्या, त्यांच्या जोडीने एक. साहेब कागदाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "हुकूम तू कधी काढलास?" पानांबद्दल अक्षर नाही.

रोजचा खेळ मात्र जुन्याच नियमांनी चालतो. सोमवारी दुपारी हरल्यावर माणसाला निमित्त हवंच की! असो.