सर्व्हर कोण, व्ह्यूअर कोण?

लहानपणी माझ्यासाठी ‘सर्व्हर’ म्हणजे मिस्सेच्या वेळी फादरांच्या बाजूला उभी राहून घंटा वाजवणारी मुलं. सेवा करतो तो सर्व्हर, इतकं साधं. संगणकाच्या बाबतीत मात्र या शब्दाने भलेभले गोंधळतात. दूरवरची स्क्रीन पाहायची तर सर्व्हर कुठे चालवायचा? मदत करणाऱ्याकडे नाही. जिची स्क्रीन पाहायची, तिच्याकडे. पाहणाऱ्याकडे असतो तो क्लायंट, म्हणजे व्ह्यूअर.

माझी मावशी धार जिल्ह्यात, नर्मदाकाठच्या धरमपुरीत राहते. आजीने सांगितलेल्या गोष्टी ती मराठीत टाइप करते. मध्यंतरी तिच्या संगणकावर देवनागरी उमटेनाच. मी वसईत, तिला समोर काय दिसतंय ते फोनवर कळणार कसं? मग व्हीएनसी वापरायचं ठरलं. १९९०च्या दशकात केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत तयार झालेली ही पद्धत. तिच्या स्क्रीनचं चित्र माझ्याकडे येतं. माझा माउस आणि कीबोर्ड तिच्याकडे चालतो.

उघड्या इंटरनेटवर व्हीएनसी सोडणं धोक्याचं, म्हणून आधी दोन्ही संगणक व्हीपीएनने एका खासगी नेटवर्कमध्ये घेतले. तिने सर्व्हर सुरू केला, पासवर्ड ठेवला. मी व्ह्यूअरमध्ये तिचा पत्ता टाकला. उत्तर आलं, ‘टाइम्ड आउट’. म्हणजे दार ठोठावलं, पण आतून हूं की चूं नाही. संगणक बंद असेल, पत्ता चुकला असेल किंवा फायरवॉल अडवत असेल. इथे फायरवॉलच होती. तिथे परवानगी देऊन मावशीने संगणक रीस्टार्ट केला. आता ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. ही खरं तर प्रगतीच! घरापर्यंत पोचलो होतो, फक्त ५९०० या पोर्टवर ऐकणारं कोणी नव्हतं. रीस्टार्टनंतर सर्व्हर आपोआप सुरू झाला नव्हता. तो सुरू केला आणि मावशीचा डेस्कटॉप समोर आला.

“थांब गं. मी हात न लावता बाण हलणार का?” मावशीने विचारलं.

भीती रास्त होती. अनोळखी माणसाच्या फोनवरून स्क्रीन दाखवणारं ॲप घेऊ नका, असं बँका उगाच बजावत नाहीत. म्हणून व्ह्यूअर ‘फक्त पाहणे’वर ठेवला. मी सांगत गेले, ती करत गेली. भाषांच्या सेटिंगमधून मराठी कीबोर्ड निघून गेला होता. तो तिने स्वतःच जोडला. फाइल उघडून तिने एक शब्द टाइप केला, ‘आजी’.

“आता बंद करते हां. पुढचं अजून कच्चं आहे,” ती म्हणाली.

सर्व्हर तिचा, तेव्हा बंद करायचा हक्कही तिचाच. माझ्या स्क्रीनवर कनेक्शन तुटल्याचा संदेश आला. तो मात्र बिघाड नव्हता.