यंत्राच्या पोटांतील यंत्र

कोंकणांतून घाटावर, घाटावरून मुंबईस आणि आतां मुंबईहून परदेशीं पांगलेल्या घराण्यांस एकत्र बांधून ठेवणारी वस्तु म्हणजे कुलवृत्तांत. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या कपाटांत तो असेलच. पूर्वीं हें काम आंखलेल्या वह्यांवर चाले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत तें संगणकावर आलें. वहीस कसर लागते हें आपणांस ठाऊक होतें, म्हणून आपण ती उन्हांत ठेवीत असूं. संगणकावरील नोंदींस मात्र कसर निराळ्या वाटेनें लागते. नोंदी जशाच्या तशा राहतात. त्या वाचणारें यंत्र जुनें होतें, आणि त्याबरोबर नोंदींचा अर्थ हरवूं लागतो.

आमच्या कुलमंडळाचाच दाखला घेऊं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं लालबागेंतील एका गिरणीच्या हिशेबखात्यांत नोकरीस असलेल्या आमच्यांतल्याच एका गृहस्थांनीं, कचेरी सुटल्यावर गिरगांवांतील मंडळाच्या खोलींत बसून, आमचा सारा वंशविस्तार संगणकावर रचला. त्यासाठीं त्यांनीं वापरलेल्या प्रणालीचें नांव फॉक्सप्रो. अमेरिकेंतील फॉक्स सॉफ्टवेअर या कंपनीची ही निर्मिति. १९९२ सालीं ती कंपनीच मायक्रोसॉफ्टनें विकत घेतली. फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ति २००४ सालीं निघाली आणि २०१५ च्या जानेवारींत मायक्रोसॉफ्टनें तिचा सांभाळही सोडला. आमची आवृत्ति याहून जुनी, डॉसच्या काळ्या पडद्यावर चालणारी. त्या काळीं अशा पडद्यावर देवनागरी अक्षरें उमटवावयाचीं तर पुण्याच्या सी-डॅक संस्थेचें ‘जिस्ट’ कार्ड संगणकांत बसवावें लागे. तेवढें द्रव्य मंडळापाशीं नव्हतें; म्हणून नांवें रोमन लिपींत लिहिलीं गेलीं. त्यामुळें काळे आणि काले हीं दोन आडनांवें पडद्यावर एकच झालीं. हा भेद कळावा म्हणून त्या गृहस्थांनीं शेजारच्या रकान्यांत एक अंक घालण्याचा संकेत ठरविला. त्या रकान्याचें नांव फॉक्सप्रोच्या नियमाप्रमाणें दहा अक्षरांहून मोठें करतां येत नसे. तेव्हां नांवावरून अर्थ कळण्याची सोय नव्हतीच.

दुसरा संकेत अधिक महत्त्वाचा होता. फॉक्सप्रोमध्यें एखादी नोंद खोडली तरी ती नाहींशी होत नाहीं. तिच्या आरंभीं एक चांदणीचें चिन्ह पडतें एवढेंच. पुढें ‘पॅक’ ही आज्ञा दिल्यावांचून ती नोंद खतावणींतून जात नाहीं. या गृहस्थांनीं ती आज्ञा कधींच दिली नाहीं, आणि त्याचें कारण संगणकांत नव्हे, धर्मशास्त्रांत होतें. दत्तक गेलेल्या मुलाचें जनकपित्याचें गोत्र व रिक्थ सुटतें, असें मनुस्मृति सांगते. म्हणून जनकशाखेंत त्याचें नांव त्यांनीं खोडलें. परंतु जन्माचें नातें सर्वस्वीं पुसलें जात नाहीं. जन्मकुळांत राहिला असता तर ज्या व्यक्तीशीं त्याचा विवाह निषिद्ध ठरला असता, तिच्याशीं तो दत्तक गेल्यावरही निषिद्धच राहतो. १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्याच्या १२ व्या कलमांतही ही तरतूद आहे. यास्तव खोडलेलें नांव त्यांनीं जपून ठेविलें, आणि एक विशिष्ट कळ दाबली असतां तें दत्तकघराच्या उल्लेखासह दिसावें, अशी योजना केली.

हे गृहस्थ आतां हयात नाहींत. त्यांच्या मागें कांहीं वर्षांनीं तो संगणकही बंद पडला. नव्या आवृत्तीचें काम निघालें, तेव्हां मंडळानें एका व्यावसायिकाकडून सर्व नोंदी आधुनिक तक्त्यांत उतरवून घेतल्या. फॉक्सप्रोच्या फायली आजही उघडतां येतात, त्यामुळें काम दोन दिवसांत झालें. तक्ते सुबक होते, परंतु चांदणीचीं नांवें त्यांत आलीं नाहींत.

ही गोष्ट उघडकीस आली ती दादरच्या एका सत्तरी उलटलेल्या गृहस्थांमुळें. त्यांचे आजोबा आमच्या घराण्यांतून दुसऱ्या आडनांवांत दत्तक गेलेले. वडील भाऊ अपत्यहीन वारला, धाकटा दत्तक गेला. तेव्हां नव्या तक्त्यांत त्या शाखेपुढें ‘निर्वंश’ एवढाच शब्द होता. शास्त्रार्थानें पाहतां तो शब्द खोटाही नव्हता. पण त्या गृहस्थांनीं कागद खालीं ठेविला आणि ते म्हणाले, “मास्तर, आम्ही चार भावंडें आहों, नातवंडांनीं घर भरलें आहे. आजोबांच्या जन्मघरीं त्यांचें नांवही नसावें काय?” यावर माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि पुस्तक तर छापखान्यांत जाण्याच्या बेतांत होतें.

माझा पुतण्या संगणकाचें काम करतो. तो म्हणाला, “काका, नोंदी मिळाल्या आहेत, पण त्या वाचण्याची रीत मिळालेली नाहीं. जुनें यंत्रच पुन्हां उभें करूं.” बंद पडलेल्या संगणकांतील डिस्क सुदैवानें शाबूत होती. लॅमिंग्टन रोडवरून एक जोडणीची तार आणून त्यानें तिची हुबेहूब प्रत एका फायलींत उतरवून घेतली. आजचें चौसष्ट बिटांचें विंडोज डॉसच्या काळच्या सोळा बिटांच्या आज्ञावली चालवीत नाहीं. म्हणून त्यानें व्हर्च्युअलबॉक्स या विनामूल्य मिळणाऱ्या साधनानें नव्या संगणकाच्या आंत एक आभासी संगणक निर्माण केला, आणि ती प्रत हीच त्याची डिस्क म्हणून जोडून दिली.

यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंत आय.बी.एम. कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत ती प्रथम सिद्ध केली आणि १९७२ सालीं आपल्या मोठ्या यंत्रांसाठीं ती अधिकृतपणें बाजारांत आणली. या शास्त्रांत बाहेरच्या यंत्रणेस यजमान आणि आंतल्या यंत्रणेस पाहुणा म्हणतात, हें ऐकून मला मौज वाटली. वेदांतांतील घटाकाशाचा दृष्टांत येथें तंतोतंत लागू पडतो. घटांतील आकाश महाकाशाहून वेगळें नसतें, पण घटाच्या उपाधीमुळें तें वेगळें भासतें. तद्वत् आंतल्या आज्ञावलीस आपण जुन्याच संगणकावर आहों असें वाटतें, आणि प्रत्यक्षांत तिची स्मृति व शक्ति सर्व यजमानाकडून उसनी घेतलेली असते.

तथापि पाहुणा प्रथम उंबरठ्यावरच अडला. डॉस चालूं झालें. फॉक्सप्रो मात्र ‘शून्यानें भागाकार’ अशी तक्रार करून थांबलें. चौकशी करतां कळलें कीं हा या जुन्या आवृत्त्यांचा प्रसिद्ध दोष आहे. आरंभीं ती यंत्राचा वेग मोजून पाहते. आजचें यंत्र तें मोजमाप इतक्या त्वरेनें उरकतें कीं लागलेला वेळ शून्य भरतो, आणि त्या शून्यानें भागण्याचा प्रसंग येतो. जाणत्यांनीं यावर केलेली दुरुस्ती उपलब्ध होती. ती बसविल्यावर मंडळाचा जुना पडदा समोर आला.

पडदा आला तरी कळा कोणत्या दाबावयाच्या? त्याचें उत्तर दिवंगत गृहस्थांच्या पत्नीकडे मिळालें. आम्ही काकूंकडे गेलों तेव्हां त्यांनीं कपाटांतून एक शंभर पानी वही काढून दिली. “रात्रीं आले कीं यांत लिहीत असत. कशाचें आहे तें मला कधीं कळलें नाहीं, पण अक्षर त्यांचें, म्हणून टाकली नाहीं,” असें त्या म्हणाल्या. वहींत प्रत्येक अंकाचा अर्थ आणि प्रत्येक कळेचें काम सुवाच्य मराठींत लिहिलेलें होतें. त्याप्रमाणें कळ दाबतांच ‘निर्वंश’ शाखेंत आजोबांचें नांव चांदणीसह आलें; पुढें दत्तकघराचें आडनांव आणि गांव. दादरच्या गृहस्थांनीं तें नांव दोनदां वाचलें, आणि मोबाइलवर त्या पडद्याचें छायाचित्र काढून घेतलें. त्यांच्याच नव्हे, अशा सर्वच गळालेल्या नोंदी वेंचून घेऊन मगच पुस्तक छापखान्यांत गेलें.

ज्या संस्थांपाशीं, देवस्थानांपाशीं अथवा वाचनालयांपाशीं असे जुने संगणक धूळ खात पडले असतील, त्यांनीं यांतून दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. पहिली ही कीं, नोंदी नव्या घरीं नेण्यापूर्वीं जुनें घर चालतें करून पाहावें. भाषांतर करणारा मूळ ग्रंथ शेजारीं ठेवतो तो याचसाठीं. डिस्कची प्रत काढून ती दोन ठिकाणीं ठेवावी, आणि जुन्या प्रणालीस आजच्या चोरांची ओळख नसल्यामुळें पाहुण्यास इंटरनेटची जोडणी देऊं नये.

दुसरी गोष्ट अशी कीं, ही सोय चिरकालाची मानूं नये. यजमानही एक दिवस जुना होणार, आणि पाहुण्याची भाषा जाणणारीं माणसें त्याहून लवकर जाणार. आभासी यंत्रानें आम्हांस अमरत्व दिलें नाहीं, अवधि दिला. त्या अवधींत आम्हीं वहींतील संकेत नव्या तक्त्यांत उतरविले, चांदणीच्या नोंदींस ‘दत्तक’ असा स्वतंत्र रकाना दिला आणि नांवें देवनागरींत लिहून त्या त्या घरांकडून तपासून घेतलीं. आतां काळे आणि काले पुन्हां निराळे झाले आहेत.

काकूंची वही आम्हीं प्रत काढून त्यांस परत केली. मंडळाच्या प्रतीवर पुतण्यानें रचनाकाराचें नांव घातलें आहे. तीस वर्षांत तें कोठेंही लिहिलेलें नव्हतें.