सहाशेपट गोड

मराठीत ‘टेस्ट’ हा एकच शब्द दोन कामं करतो. आमटीची टेस्ट बघायची आणि रक्ताचीही टेस्ट करायची. इंग्रजीत मात्र हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि त्यांच्यातल्या गोंधळातून माझ्या चहातली पावडर जन्माला आली.

साल १९७६. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ नावाचे प्राध्यापक साखरेच्या रेणूत क्लोरीन घालून काय तयार होतं ते बघत होते. टेट अँड लाईल ही साखर कंपनी सोबत होती. खाण्यापलीकडे साखरेचा काही उपयोग होतो का, असा साधा हिशेब. हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस काम करत होते. एक नवा पदार्थ तपासून बघायला सांगितला गेला आणि फडणीसांना ऐकू आलं ‘चाखून बघ’. त्यांनी चाखला. निदान किस्सा तरी असाच सांगतात. तो पदार्थ म्हणजे सुक्रालोज. साखरेच्या रेणूतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी क्लोरीनचे तीन अणू बसवले की झाला साखरेपेक्षा सुमारे ६०० पट गोड.

(मला नेहमी वाटतं, मराठी घरात वाढलेल्या माणसाला ‘टेस्ट’ म्हटल्यावर दुसरं काय ऐकू येणार?)

बाकीचे गोडवेही असेच सापडले. १८७९ मध्ये कॉन्स्टँटिन फालबर्ग हात न धुता जेवायला बसला आणि पाव गोड लागला. ते सॅकरिन, डांबराच्या रसायनांतून आलेलं. १९३७ मध्ये मायकेल स्वेडाला सिगारेट गोड लागली, ते सायक्लामेट. १९६५ मध्ये जेम्स श्लाटर अल्सरच्या औषधावर काम करत होता. कागद उचलायला त्यानं बोट चाटलं आणि ॲस्पार्टेम सापडलं. यातलं कुणीही मधुमेह्यांचं भलं करायला निघालं नव्हतं.

मला हे सगळं पाठ आहे, कारण गेल्या वर्षी माझा एचबीए१सी ७.८ आला. वय ३१. डॉक्टरांनी साखर बंद केली, गूळ बंद केला, आणि चहात हवंच असेल तर ही पावडर घाल म्हणाले. घरी येऊन मी डबीवरची बारीक अक्षरं वाचत बसले. भीती वाटली की मी वाचते.

वाचता वाचता लक्षात आलं की गोडी साखरेत नसतेच. जिभेवरच्या पेशींत दोन प्रथिनं जोडीनं उभी असतात, टी१आर२ आणि टी१आर३. त्यांच्या खाचेत एखादा रेणू नीट बसला की मेंदूला निरोप जातो, ‘गोड आहे’. रेणू साखरेचा आहे की क्लोरीन चिकटवलेला, ही चौकशी ती जोडी करत नाही. सुक्रालोज त्या खाचेत साखरेपेक्षा कितीतरी घट्ट बसतो, म्हणून चमचाभर साखरेचं काम आठेक मिलिग्रॅममध्ये होतं. पाकिटात उरलेली सगळी पावडर म्हणजे नुसती भरती, चिमटीत धरता यावं म्हणून. मांजरांमध्ये टी१आर२चं जनुकच मोडलेलं आहे. हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल सेंटरमधल्या संशोधकांनी दाखवलं. आमची मनी दुधावर तुटून पडते ती गोडीसाठी नव्हे. तिच्यासाठी पेढा आणि खडू यांत गोडीपुरता फरक नाही.

पेशंट होऊन गप्प बसवेना म्हणून एक प्रयोग केला. गुडमार नावाची वेल आपल्या सह्याद्रीतही होते. तिचं पान चघळलं की त्यातली द्रव्यं त्याच प्रथिनांना अडवतात. पान कडू. थुंकून टाकलं, चूळ भरली आणि बहिणीच्या डब्यातली चिमूटभर साखर जिभेवर घेतली. वाळू! ओली, विरघळणारी वाळू. मग माझी पावडर घेतली. तीही गप्प. अर्धा तास दोघी सारख्याच निर्गुण होत्या, आणि खरं सांगते, मला त्यात जरा बरं वाटलं.

पण जीभ म्हणजे सगळं शरीर नव्हे. २००८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात असे उंदीर घेतले होते ज्यांना गोड कळतच नव्हतं. त्यांच्यापुढे साधं पाणी आणि साखरेचं पाणी ठेवलं. अनुभवानं ते साखरेच्या पाण्याकडे वळायला लागले. चव नाही, तरीही. सुक्रालोजच्या पाण्याची मात्र अशी ओढ त्यांना लागली नाही. जिभेला बगल देऊन पोटाकडूनही मेंदूकडे बातमी जाते, आणि ती बातमी गोडीची नसते, मिळालेल्या अन्नाची असते. माझा चहा रोज जिभेकडून एक सांगावा धाडतो आणि मागून काहीच येत नाही. दुपारी चारला मी उगाच फ्रिज उघडून उभी राहते, त्याचं कारण हेच असेल असा माझा दाट संशय आहे.

२०२३च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला हे गोडवे वापरू नका. ऑफिसात तीन जणांनी मला ती बातमी फॉरवर्ड केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही, हे त्याच कागदात लिहिलंय. तिथवर कुणी पोचलं नव्हतं.

माझी खरी अडचण गावाकडे आहे. आम्ही कोल्हापूरकडचे, आजोबांचं गुऱ्हाळ होतं. चुलाणावर काहिलीत रस उकळायचा, मळी काढली जायची, आणि गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळते का ते बोटांनी बघायचा. गोळी वळली की काहील उतरायची. हे काम सुक्रालोजला जन्मात जमणार नाही. साखर गोड असते, शिवाय ती वजन देते, तार धरते, लाडू बांधते, करपून रंग आणते. आईनं दिवाळीत माझ्यासाठी त्या पावडरीचे रव्याचे लाडू करायला घेतले. पाकच नाही, तर वळणार काय? शेवटी वाटीत घालून चमच्यानं खाल्ले. गोड होते. बाबा म्हणाले, ‘शिरा झालाय, पण बरा झालाय.’

आणि आत्ती. ती प्रत्येक वेळी हातावर गुळाचा खडा ठेवते. ‘अगं, गूळ म्हंजी काय साखर हाय व्हय? रानातला हाय.’ गूळही बहुतांश साखरच असतो, रक्ताला रान कळत नाही, हे मी तिला दोनदा समजावलं. ती ऐकते, मान डोलावते आणि खडा माझ्या मुठीतच राहू देते. मी तो रुमालात बांधून पुण्याला आणते. टाकवत नाही.

परवा तिनंच विचारलं, ‘तुझी ती पावडर दाव की.’ मी डबी दिली. तिनं बोटाच्या टोकावर दोन कण घेतले, जिभेला लावले, डोळे मिटून बराच वेळ बसली. गोडी रेंगाळते ना तिची, जायला वेळ लागतो.

‘गोड हाय,’ म्हणाली. ‘लई गोड हाय. पर हिला वास कुठाय गं?’