गाड्यावरचें खाणें

आमच्या घरीं बाजारच्या खाण्याचे दोन वर्ग असत. चुरमुरे, लाह्या, फुटाणे, शेंगदाणे हे भट्टीवर भाजलेले पदार्थ चालत; पाणी घालून शिजविलेले चालत नसत. वडील तुळजापुरास देवीच्या दर्शनाला निघाले, म्हणजे पिशवींत चुरमुरे आणि गुळाचा खडा घेत. रस्त्याच्या कडेला भज्यांच्या कढया चढलेल्या असल्या, तरी त्यांची नजर तिकडे वळत नसे. कारण विचारलें तर ते एवढेंच सांगत, "पाणी लागलें कीं वस्तु बदलते." पुढें मी शिक्षक झालों आणि तोच नियम मींही पाळला; फक्त सोंवळ्याच्या जागीं माझ्या तोंडीं 'आरोग्य' हा शब्द आला.

गेल्या कार्तिकांत मुलीच्या बाळंतपणासाठीं पत्नी पुण्यास गेली आणि हा नियम माझ्यावरच उलटला. पहिल्या दिवशीं भाताची पेज झाली. दुसऱ्या दिवशीं भात असा लागला, कीं पातेलें घासण्यांत दुपार गेली. भाकरी थापण्याचा प्रयत्न मीं एकदांच केला. त्याचें वर्णन न करणेंच बरें. दोन्ही वेळां खानावळींत जावें, तर एका ताटाला सव्वाशें रुपये पडत, आणि तिथली तर्री साठीनंतरच्या पोटाला मानवत नाहीं. तेव्हां दुपारीं खानावळ आणि सकाळीं कांहीं तरी स्वस्त व ताजें, अशी तडजोड करून मी गांवांत शोधाला निघालों.

धाराशिवांत काय खावें, असें परक्या माणसानें विचारलें, तर आम्हीं सारे एकमुखानें 'गुलाबजाम' म्हणतों. उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं गेलें, पण गुलाबजामाची कीर्ति आहे तशीच आहे. ती मुळांत खव्याची आहे. भूम तालुका खव्यासाठीं प्रसिद्धच आहे, आणि कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु सकाळीं सात वाजतां रिकाम्या पोटीं गुलाबजाम खाऊन दिवस निघत नाहीं. त्याला तिखटामिठाचेंच कांहीं हवें.

प्रथम मी एस्. टी. स्टँडकडे गेलों. तिथें एका गाड्यावर मोठी गर्दी होती. गर्दी म्हणजे चांगलें खाणें, असें मीं गृहीत धरलें आणि दोन दिवस पोट धरून बसलों. मग चूक ध्यानांत आली. स्टँडवरचा गिऱ्हाईक खातो आणि गाडींत बसून निघून जातो. तो तक्रार करावयाला परत येत नाहीं. जिथें तींच माणसें रोज येतात, तिथें विकणाराला त्यांच्या पोटाची काळजी वाहावी लागते. तेव्हांपासून मी गर्दी पाहण्याचें सोडलें आणि चेहरे पाहूं लागलों. हमाल, रिक्षावाले, कचेरींतले शिपाई कोठें थांबतात, याच्यावर नजर ठेवली.

दुसरी परीक्षा तेलाची. तेंच तेल पुनःपुन्हां तापविलें म्हणजे त्यांत अपायकारक द्रव्यें वाढतात. त्यांपैकीं ध्रुवीय संयुगांचें प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक असूं नये, असा नियम १ जुलै २०१८ पासून आपल्या देशांत लागू आहे. तें मोजण्याचें यंत्र तुमच्या-आमच्या खिशांत नसतें. पण घाणा टाकण्यापूर्वींच कढई धुरकटत असेल, तेल काळें आणि चिकट दिसत असेल, वर फेस धरत असेल, तर नाकाडोळ्यांची साक्ष पुरेशी आहे. तिसरी परीक्षा ओल्या चटणीची, आणि चौथी, सर्वांत कठीण, पाण्याची. आमच्या गांवांत नळ रोज येत नाहीं. ज्या गांवीं घरांतच पाणी जपून वापरतात, तिथें गाड्यावरच्या बशा कशानें धुतल्या जात असतील, हा प्रश्न कोणालाही पडावा.

या चारही परीक्षांत उतरलेला गाडा सापडला तो आमच्याच आळीच्या तोंडाशीं. पन्नाशीची एक बाई तिथें सुशीला विकत असे. मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठीं सांगतों, सुशीला हा चुरमुऱ्यांचा पदार्थ आहे. चुरमुरे चाळणींत घेऊन भिजवायचे, लगेच दाबून पिळायचे, आणि मोहरी, हिरवी मिरची, कढीलिंब, शेंगदाणे व कांदा यांच्या फोडणींत हळद घालून परतायचे. वर डाळ्यांचें कूट, कोथिंबीर आणि लिंबू. मीं तीन दिवस समोरच्या ओट्यावरून पाहिलें. पाण्याच्या दोन्ही कळश्या झांकलेल्या असत, पाणी लांब दांड्याच्या ओगराळ्यानेंच निघे, चुरमुरे लागतील तेवढेच भिजत, आणि बशीऐवजीं ती कागदावर वाढी. साडेनऊला सारें संपे आणि कढई घासून ती घरीं जाई. उरलेलें संध्याकाळीं विकण्याचा प्रश्नच नव्हता.

चौथ्या दिवशीं मी गाड्यापाशीं गेलों, तरी हात पुढें होईना. चुरमुरे वडिलांना चालत होते. पाणी चालत नव्हतें. सुशीला बरोबर त्या सीमेवर बसलेला होता.

"बसा की गुरुजी, उभ्यानं कशाला खाता? तीन दिस झालं, तिकडून बघताय नुसतं," असें म्हणून तिनें एक पालथें खोकें पुढें सरकविलें. मी ओशाळलों आणि बसलों. वीस रुपयांत पोट भरलें. तेव्हांपासून रोज तिथेंच खाऊं लागलों.

पौषांत आळींतले एक वकीलसाहेब अर्ज घेऊन आले. 'सदर गाड्यामुळें अस्वच्छता व रोगराई पसरत असून तो तात्काळ हलविण्यांत यावा.' खालीं तेरा सह्या होत्या. चौदाव्या ओळीवर मीं लेखणी टेंकली आणि मला तो अर्ज ओळखीचा वाटला. पंचवीस वर्षांपूर्वीं शाळेच्या फाटकाशीं एक भेळवाला उभा राही. त्याच्याविरुद्ध असाच अर्ज मीं स्वतः लिहिला होता. 'अस्वच्छता' हाच शब्द घातला होता. आठ दिवसांत तो दिसेनासा झाला. त्याचें पाणी मीं एकदांही पाहिलें नव्हतें. मीं पाहिला होता तो फक्त त्याचा मळका सदरा.

वडिलांचा नियम आरोग्याचा होता, अशी मीं माझी समजूत करून घेतली होती. पण आमच्या वाड्यांतला आड वर्षानुवर्षें उपसला जात नसे, आणि त्या पाण्याविषयीं घरांत कोणीं कधीं ब्र काढला नाहीं. नियम पाण्याचा नव्हताच. तें पाणी कोणाच्या हातचें, याचा होता. आणि तोच नियम मीं नवें नांव देऊन पुढें चालविला होता.

"वकीलसाहेब, यांतला 'अस्वच्छता' हा शब्द खोटा आहे," मी म्हणालों.

"तुम्हांला काय ठाऊक?"

"मी तिथें रोज खातों."

हे चार शब्द उच्चारावयाला मला फार जड गेलें. आळींत माझ्या शब्दाला जो कांहीं मान आहे, तो थोडासा तिथल्या तिथें खालीं उतरलेला मला दिसला. वकीलसाहेब मात्र प्रामाणिक गृहस्थ. ते म्हणाले, "खरी अडचण रस्त्याची आहे. सकाळीं मुलांच्या शाळेच्या रिक्षा वळत नाहींत." तें खरेंच होतें. मग आम्हीं दोघांनीं मिळून नवा अर्ज लिहिला. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणें सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रें मिळेपर्यंत कोणाला हुसकावतां येत नाहीं; हलवावयाचें झाल्यास ३० दिवसांची नोटीस लागते; आणि नगर पथविक्रेता समितींत निदान ४० टक्के सभासद विक्रेतेच असावे लागतात. तेव्हां पलीकडच्या लिंबाखालीं, जिथें रस्ता रुंद आहे, तिथें जागा नेमून द्यावी, अशी विनंति केली. तेरांपैकीं सहांनीं नव्यानें सह्या केल्या. निर्णय अजून यावयाचा आहे. ती मात्र आमच्या सांगण्यावरून लिंबाखालीं उभी राहूं लागली आहे.

माघांत पत्नी परत आली. "इतके दिवस काय खाल्लें?" या प्रश्नाला मीं तोंडीं उत्तर दिलें नाहीं, तिला लिंबापाशीं घेऊन गेलों. तिनें कळश्यांवरचीं झांकणें पाहिलीं, कढई पाहिली, एक घांस घेतला आणि त्या बाईला विचारलें, "लिंबू खालीं उतरवल्यावर पिळतां ना?" त्या दोघींचें बोलणें बराच वेळ चाललें.

मी खोक्यावर बसून राहिलों. जेवण झालें म्हणजे 'अन्नदाता सुखी भव' म्हणण्याची आपली रीत आहे. पैसे मोजून घेतलेल्या अन्नाला ती लागू पडते कीं नाहीं, हें मला ठाऊक नाहीं. पण मीं मनांतल्या मनांत म्हटलें. मग तो भेळवाला आठवला. इतकीं वर्षें तो शाळेसमोर उभा होता. त्याचें नांव मीं कधीं विचारलें नव्हतें.