धामच्या काठी, पवनारला

बालमित्रांनो, उन्हाळ्याची सुटी लागली, की कुणी महाबळेश्वरला जातं, कुणी चिखलदऱ्याला. पण जिथं मे महिन्यात पारा ४५ अंशांवर चढतो, त्या वर्धा जिल्ह्यात कुणी हवापालटासाठी राहील का? एक जण राहिले होते, बरं का!

१९३८ साली विनोबा भावे यांची प्रकृती फार खालावली. वजन ८८ पौंड, म्हणजे अवघं ४० किलो! गांधीजींनी त्यांना थंड हवेच्या ठिकाणी जायला सुचवलं. विनोबांनी निवडलं पवनार! वर्ध्याहून नागपूर रस्त्यानं आठ-नऊ किलोमीटरवरचं, धाम नदीकाठचं हे गाव. नदीपलीकडच्या टेकाडावर जमनालाल बजाज यांचा बंगला होता. तिथं विनोबांनी औषध सुरू केलं, ते कुदळीचं! रोज थोडा वेळ शेत खणायचं आणि मनात कसलीच चिंता आणायची नाही. दहा महिन्यांत वजन सुमारे ४० पौंडांनी वाढलं.

खरी गंमत पुढंच आहे. खणता खणता जमिनीतून जुनी शिल्पं निघू लागली. एका शिळेवर तर राम-भरताची भेट! १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी अगदी असंच चित्र हवं, असं म्हटलं होतं. ही शिल्पं वाकाटक राजांच्या काळातली, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असं इतिहासकार वा. वि. मिराशी यांचं मत होतं. काही अभ्यासक मात्र रामटेकजवळच्या मनसरचं नाव घेतात.

१२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थी इथं धाम नदीत विसर्जित झाल्या. १९५१ साली विनोबा इथूनच पायी तेलंगणाकडे निघाले आणि त्या प्रवासात भूदानाची चळवळ जन्मली. १९५९ साली त्यांनी इथं स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं. जमिनीतून निघालेली ती शिल्पं याच आश्रमात पाहायला मिळतात.

पवनारला जायचं ते सकाळीच. डोक्याला दुपट्टा बांधा, पाण्याची बाटली घ्या. मोठी माणसं सोबत नसतील तर नदीत उतरायचं नाही! परतताना वर्ध्याचा गोरसपाक मात्र जरूर खा.

आणि हो, तुमच्याही गावात एखाद्या पाराखाली, विहिरीपाशी कोरीव शिळा पडलेली असेल. ती उचलून घरी आणू नका, तिच्यावर नावं कोरू नका. आधी गुरुजींना, बाईंना दाखवा. कोण जाणे, तुमच्या गावाची दीड हजार वर्षांची गोष्ट तिच्यावरच कोरलेली असेल!