मूल एक, घरं दोन

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालचं मूल आईवडिलांना किंवा जवळच्या नातलगांना सोडून दुसऱ्या कुणाकडे 28 किंवा त्याहून जास्त दिवस राहणार असेल, तर कायदा त्याला ‘प्रायव्हेट फॉस्टरिंग’ म्हणतो. मूल अपंग असेल तर ही वयोमर्यादा 18 वर्षांची. इथे सरकारने मूल ताब्यात घेतलेलं नसतं. आईवडिलांनीच ते विश्वासाच्या माणसाकडे ठेवलेलं असतं. अशा घरांना भेटी देणं, मुलाशी एकट्याने बोलणं आणि दोन्ही घरांचा मेळ घालून देणं, हे स्थानिक कौन्सिलची सोशल वर्कर म्हणून माझं काम.

आपली मराठी माणसं पहिल्यांदा अडतात ती नात्यापाशी. 1989च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टनुसार आजी-आजोबा, भाऊ-बहीण, काका, मामा, आत्या, मावशी आणि सावत्र आईवडील एवढेच जवळचे. वडिलांचा चुलतभाऊ किंवा आईची जिवलग मैत्रीण त्यात बसत नाही. मग आईवडील आणि सांभाळणारे, दोघांनीही कौन्सिलला किमान सहा आठवडे आधी कळवायचं असतं. अचानक प्रसंगाने मूल येऊन राहिलं असेल तर ताबडतोब. पहिल्या वर्षी दर सहा आठवड्यांनी आमची भेट ठरलेली.

पुष्कळांना हा जाच वाटतो. पण ही दक्षता वाढली ती व्हिक्टोरिया क्लिंबीच्या मृत्यूनंतर. आयव्हरी कोस्टमधल्या या मुलीला चांगल्या शिक्षणाच्या आशेने आईवडिलांनी वडिलांच्या आत्याबरोबर युरोपात पाठवलं. फेब्रुवारी 2000मध्ये, अवघ्या आठव्या वर्षी, लंडनमध्ये छळ होऊन ती गेली. आईवडील हजारो मैलांवर होते. त्यांच्यापर्यंत खरं काही पोचत नव्हतं.

मी पाहते ती बहुतेक घरं मायेचीच असतात. तिथेही कुरबुरी होतात, कारण भिडेपोटी काही गोष्टी बोलल्याच जात नाहीत. एका मुलीचे आईवडील पुण्याला परतले आणि जीसीएसई ही इथली शालान्त परीक्षा होईपर्यंत ती आईच्या मैत्रिणीकडे, आपल्या मानलेल्या मावशीकडे, राहिली. आई रोज पुण्याच्या रात्री साडेआठला फोन करायची. इथे तेव्हा चार वाजलेले, मुलगी शाळेतून आलेली. ऑक्टोबरअखेर इथली घड्याळं तासभर मागे गेली. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली, तेव्हा आईचा फोन इथल्या तीनला, भर वर्गात वाजायला लागला. मुलगी उचलेना. आईला वाटलं, ती दुरावली. मावशीला वाटलं, आपल्यावर संशय घेतात. शाळेच्या सहलीचा फॉर्म सहीवाचून तसाच पडला आणि मुलगी दोघींचे निरोप, आपल्या परीने बोथट करून, इकडून तिकडे नेत राहिली.

तिघींना व्हिडिओ कॉलवर एकत्र बसवून आम्ही एक कागद केला. फोन कधी, शाळेच्या फॉर्मवर सही कुणाची, डॉक्टरकडे कोण नेणार, रात्री मोबाइल किती वाजेपर्यंत, खर्चाला दरमहा किती. पैशांचा विषय निघाला तेव्हा दोघीही अवघडल्या. पण अशा व्यवस्थेत कौन्सिल फॉस्टरिंगचा भत्ता देत नाही. खर्चाची जबाबदारी आईवडिलांचीच. तो आकडा सुरुवातीलाच ठरला, तर मनात अढी बसत नाही.

कायद्याने आईवडिलांची जबाबदारी कुठल्याही कराराने दुसऱ्याच्या नावावर होत नाही. रोजचे निर्णय मात्र ते सांभाळणाऱ्यावर सोपवू शकतात, आणि सोपवावेतच. ताप आलेल्या मुलाला डॉक्टरकडे न्यायला मावशीने पुण्याच्या परवानगीची वाट पाहू नये. शाळा बदलायचा निर्णय मात्र तिने एकटीने घेऊ नये. ही रेघ स्पष्ट असली की मुलाला दोन्हीकडे हक्काने वागता येतं. आई आठवते म्हटलं म्हणून मावशीला वाईट वाटणार नाही, आणि मावशीकडे करमतं म्हटलं म्हणून आई रडणार नाही, एवढी खात्री त्याला मोठ्यांकडूनच मिळायला हवी.

परदेशातल्या मराठी कुटुंबांमध्ये ‘राहू दे ना आमच्याकडे’ हे शब्द मनापासून येतात आणि त्यांचं मोल फार मोठं आहे. तुम्ही इंग्लंडमध्ये असाल आणि असा प्रसंग आला, तर कौन्सिलला कळवा, दोन्ही घरांनी बसून सगळं लिहून काढा, आणि त्या बैठकीत मुलालाही बोलू द्या. एकमेकांना जे सांगायचं ते थेट सांगा. मुलाला निरोप्या करू नका.