अनंगपूरचा बांध

दिल्लीत कसले डोंगर, असं गावाकडे म्हणतात. त्यांनी एकदा तुघलकाबादहून सूरजकुंडाचा रस्ता सायकलने चढावा. अरवली उंच नाही, पण एक चढ संपतो न संपतो तोच दुसरा हजर.

कॅन्टला पोस्टिंग होतं तेव्हा रविवारी मी पहाटेच निघायचो. गियासुद्दीन तुघलकाने 1320 च्या दशकात बांधलेला आणि लवकरच ओस पडलेला किल्ला मागे टाकला की सूरजकुंड, मग अनंगपूर. गावाबाहेर सायकल खांद्यावर घेऊन दगडांतून चालायचं. घळीत आडवा बांध दिसतो. तोमर राजा अनंगपालाच्या नावाचा, हजारेक वर्षांचा, सुमारे 50 मीटर रुंद, 7 मीटर उंच. चिरे अजून एकमेकांना धरून आहेत.

तिथूनच आबांना फोन लावला. 1972 च्या दुष्काळात, सोळाव्या वर्षी, ते माणमध्ये बंधाऱ्याच्या कामावर दगड वाहायचे. सुकडी खाऊन. तो बंधारा आता गाळाने भरलाय.

चिऱ्यांबद्दल त्यांनी बारकाईने विचारलं. मग म्हणाले, "पानी हाय का?"

"नाय आबा. ठणठणीत. वरचे डोंगर खाणीवाल्यांनी फोडलेत. 2009 ला सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, पण फुटलेला डोंगर काय परत येतोय?"

बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, रेंज गेली.

"तुझ्या बाटलीत हाय न्हवं?" ते म्हणाले. "पी आन् निघ. ऊन व्हईल."